उलटतपास नाही

वैजयंतानं त्या दिवशी माझ्याशी जे केलं ते कुठल्या सुनेनं सासूशी करू नये. भांडली असती तर मीही चार शब्द जास्तीचे सुनावून मोकळी झाले असते. तोंड फिरवून गेली असती तर म्हटलं असतं, जा बापडी, तुझं तोंड तुझ्यापाशी. पण मी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभी, दोन्ही हात कठड्यावर, कित्येक महिने तिच्या आवाजाला पारखी झालेली. आणि ती उठली, पदर सारखा केला, माझ्याकडं न बघता साहेबांना म्हणाली,

"उलटतपास नाही."

आणि खाली बसली.

मला कोर्टातलं काही कळत नाही असं कुणी समजू नये. शाळा मी दुसरीत सोडली, सही करते ती कशीबशी. पण उलटतपास म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं, कारण ते तिनंच मला शिकवलं होतं. माझ्याच ओसरीवर, माझाच घेवडा निवडत.

मालक अकालीच गेले, तेव्हापासून पेठेतली घेवड्याची आडत मी चालवली. सगुणाबाई काट्यापाशी बसली की काटासुद्धा सरळ बसतो, असं व्यापारी म्हणायचे. पाठीमागं आणखीही काही म्हणायचे, तेही मला माहीत आहे. धैर्यशील माझा एकुलता एक. त्याला वकील केला. त्याच्याच कॉलेजातली, त्याच्याच बरोबर सनद मिळालेली पोरगी त्यानं पसंत केली. बघायला गेले तेव्हा मी तिला एकच विचारलं, "घेवडा निवडता येतो का?"

"नाही," ती म्हणाली. "शिकवलात तर येईल."

मला उत्तर आवडलं. मी तसं दाखवलं नाही.

कोर्टातून आली की हातपाय धुऊन ती माझ्यासमोर सूप घेऊन बसायची. दिवे लागायची वेळ, दोघींच्या मधे पोतं. उद्या कोर्टात जे बोलायचं ते ती आदल्या संध्याकाळी माझ्यावर करून बघायची. मी कधी साक्षीदार, कधी जज्ज, कधी दोन्ही.

"साक्षीदार, तुम्ही त्या दिवशी बांधावर होता?"

"होते की. आणि सांगते, तो मेला दगड—"

"आत्या! विचारलं तेवढंच. 'होते.' संपलं."

"अगं, पण पुढचंच महत्त्वाचं आहे."

"महत्त्वाचं असेल तर मी पुढं विचारीन. विचारलं नाही तर ते पोटात ठेवायचं."

"आणि पोट दुखलं तर?"

"मग जज्जसाहेबांना सांगायचं."

"जज्ज मीच आहे."

मग ती इतकी हसायची की सुपातला घेवडा सांडायचा. शेवटी मी मापटं जमिनीवर आपटून निकाल द्यायची. "दावा मंजूर. हरलेल्यानं उद्याचं पाणी भरायचं." निकालाला असं एक शेपूट मी नेहमी लावायची. नुसतं मंजूर-नामंजूर म्हणायला जज्ज कशाला हवा, ते तर पोस्टमनही सांगेल.

आता ती कोल्हापूरला असते. मोठी वकील झाली म्हणतात. आडतीवर कुणी कोल्हापूरचं आलं की भाव सांगायच्या आधी मी विचारते, कोर्टाकडं जाणं असतं का तुमचं? माणूस गोंधळतो. नाही म्हणाला की मग त्याला भावही चढाच सांगते.

तर ती घरातून गेली ती श्रावणात. का गेली ते मला ठाऊक होतं, धैर्याला ठाऊक होतं, तिला तर होतंच. घरात त्यावर नंतर कुणी बोललं नाही. कराडला एका नर्सबाईंच्या घरात खोली घेऊन राहिली आणि तिथल्या कोर्टात जायला लागली.

मी धैर्याला म्हटलं, "कराडला जा. एसटीला तोटा नाही."

"आई, मी रीतसर अर्ज केलाय कोर्टात. नांदायला येण्याबद्दल. कायद्यानं तिला यावं लागेल."

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. माझ्या मुलाला चेष्टा येत नाही हे नंतर आठवलं.

"कायद्यानं आलेली बायको भाकरी कशावर थापते रे? कलमावर?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"मग ज्याला कळतं असा वकील तरी दिलास का?"

"मीच बघतोय. माझी केस माझ्याइतकी कुणाला माहीत असणार?"

दुसरा वकील दिला असता तर त्यानं बस म्हणायच्या आधी विचारलं असतं, बायको गेली कशामुळं? ते सांगावं लागू नये म्हणून हा स्वतःच उभा राहिला होता. आणि तिकडं तीही स्वतःच उभी राहिली. वकिलांच्या खोलीत त्यावर पुष्कळ हसणं झालं म्हणे. घर एक, वकील दोन, आणि शहाणा एकही नाही, असं कुणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्याला मी ओळखते. त्याच्या घरचं मी सांगितलं तर तो गाव सोडील.

मग एके दिवशी धैर्या म्हणाला, "आई, तुला साक्षीला यावं लागेल."

"येते," मी म्हटलं.

त्याला नवल वाटलं. मी एवढ्या सहज येईन असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला काय सांगू? सासू सुनेच्या दारात जात नाही. मी तर कुणाच्याच दारात जात नाही, लोक माझ्या दारात येतात. पण कोर्टानं बोलावलं तर जावं लागतं, त्यात कमीपणा नाही. मला तिला बघायचं होतं. ती उलटतपासाला उठेल, मला विचारील, मी सांगेन. प्रश्नांच्या मधे कुठंतरी एक शब्द सरकवीन, पुरे झालं, चल घरी. आदल्या दिवशी मी मोरपिशी इरकल काढून ठेवलं. ते तिला आवडायचं.

नवराबायकोचा खटला दार लावून चालवतात. आत आम्ही तिघं, साहेब, एक कारकून, टाइप करणारा आणि शिपाई. खिडक्यांच्या बाहेर मात्र काळ्या कोटांची गर्दी. साहेब तरुण होते, बोलण्यावरून विदर्भाकडचे.

"दोघांनीही बँड आणि कोट काढा," साहेब म्हणाले. "रोज तुम्ही माझ्यासमोर वकील असता. आज पक्षकार आहात. तो पेहराव पक्षकाराचा नाही."

धैर्यानं गळ्याचा पांढरा बँड सोडला. गळा उघडा पडला. लहानपणी तापानं फणफणला की मी तिथंच हात लावून बघायची. वैजयंतानं बँड सोडून त्याची चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. ओट्यावरचं फडकंही ती तशीच घडी घालून ठेवायची. वाळली होती. कानातली कुडी तीच, मी दिलेली.

शपथ झाली. धैर्या उठला.

"आपलं नाव सांगा."

"तुला माहीत नाही?"

टाइप करणाऱ्याचं यंत्र थांबलं.

"आई... साक्षीदार, कोर्टाला सांगा."

"सगुणाबाई आनंदराव बर्गे."

"अर्जदार आपले कोण?"

"कुणाचा अर्ज?"

"माझा."

"मग तसं म्हण की. मुलगा."

साहेबांनी कागदात तोंड घातलं. धैर्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वडलांच्याही अशाच व्हायच्या.

"जाबदार, म्हणजे माझी पत्नी, आपल्या घरात सुखानं नांदत होती, तिला कसलाही त्रास नव्हता, हे खरं ना?"

"हरकत!"

तिचा आवाज. माझ्या हाताखालचा कठडा मी घट्ट धरला. आत्या, दूध उतू चाललंय, म्हणायची तोच आवाज, तीच घाई.

"सूचक प्रश्न आहे, साहेब. आपल्याच साक्षीदाराला उत्तर तोंडात घालून विचारता येत नाही."

"बरोबर," साहेब म्हणाले. "प्रश्न बदला. हे तुम्हाला मी सांगायचं का, बर्गेवकील?" मग स्वतःच थांबून म्हणाले, "अर्जदार."

धैर्यानं घाम पुसला. "जाबदारांना आपण घरात कसं वागवत होता?"

"लेकीसारखं म्हणतात लोक, तसं नाही. लेक मला नाही, तेव्हा ते मला जमत नाही. मी तिला माझ्यासारखं वागवत होते."

"तिला कुणी मारहाण, उपासमार?"

"कुणाची टाप आहे?"

"'नाही' म्हणा, आजी," साहेब म्हणाले.

"नाही. आणि मला नातवंड नाही, साहेब. आजी म्हणू नका."

"बरं, बाई."

धैर्या पुढं आला. "जाबदार घर सोडून गेल्या तेव्हा आपण त्यांना जा म्हणालात?"

"नाही."

"मी जा म्हणालो?"

"नाही."

"झालं, साहेब."

आणि तो थांबला. कुठं थांबायचं ते त्याला बरोबर कळलं. याच्या पुढचा प्रश्न होता, मग गेली कशामुळं? तो त्याला विचारायचा नव्हता. तो तिनं विचारायचा. मला तिनंच शिकवलं होतं, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न उलटतपासात कधी विचारू नये. याचं उत्तर तर तिला माहीत होतं. मी पोटात ठेवलं होतं, नेमकं, तयार. आता ती उठेल आणि म्हणेल, साक्षीदार.

ती उठली. पदर सारखा केला. आणि म्हणाली ते वर सांगितलंच.

साहेबांनाही ते पटलं नाही. "बाई, तुम्ही वकील आहात. उलटतपास घेतला नाही तर ही साक्ष आहे तशी राहील. तुम्हाला त्रास नव्हता, कुणी जा म्हटलं नाही. अर्ज मंजूर व्हायला आणखी काय लागतं? माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब."

"तरी नाही?"

"नाही."

"ठीक. उतरा बाई तुम्ही," साहेब मला म्हणाले.

"मी उतरणार नाही."

शिपाई पुढं आला. मी त्याच्याकडं बघितलं, तो परत मागं गेला.

"साहेब, आधी याचे प्रश्न, मग तिचे. ही पद्धत आहे. मी सकाळपासून ताटकळत उभी आहे ती याचे प्रश्न ऐकायला नाही. याचे मी घरी रोज ऐकते. तिनं विचारलंच पाहिजे."

"त्यांना विचारायचं नसेल तर मला सक्ती करता येत नाही."

"मग तुम्ही विचारा. जज्जला काहीही विचारता येतं, तीच सांगायची."

साहेबांनी वैजयंताकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. खिडकीतले कोट पुढं सरकले.

"येतं खरं," साहेब म्हणाले. पेन खाली ठेवलं. "बरं. सूनबाई घरातून कशामुळं गेल्या?"

वैजयंतानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मान हलवली, अगदी थोडी. नको, आत्या. घरी मी कुणाला जास्त बोलायला लागले की अशीच हलवायची. घरीही मी कधी ऐकलं नाही.

"एक बाई आली होती," मी म्हटलं. "माझ्याच वयाची. घाटाखालून चालत आलेली, पायांवर धूळ. दारात उभी राहून म्हणाली, बाईवकील हितंच राहत्यात का? बांधाच्या दाव्यात ज्यांनी मोठ्या वकिलाला हरवलं त्या. त्या बिचारीला काय ठाऊक, तो मोठा वकील म्हणजे हाच, दारात उभा होता तो. दोघं समोरासमोर होते त्या दाव्यात. ही जिंकली होती, हा हरला होता. हरला त्या दिवशी घरी येऊन तिला 'छान बोललीस' म्हणाला होता. पण तेव्हापासून आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं."

टाइप करणारा टाइप करायचं सोडून ऐकत होता. साहेबांनी त्याला टोकलं नाही.

"ही आत भाकरी थापत होती. मधे नुसता पडदा. माझा मुलगा त्या बाईला म्हणाला, बाई घरी नाहीत. त्या आता कामं घेत नाहीत. तुमचं मी बघतो. पडद्याआड थापायचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला. पिठाचा गोळा संपेपर्यंत तिनं भाकरी केल्या. त्याला वाढलं, मला वाढलं. सकाळी पुस्तकांची ट्रंक घेऊन गेली. तिला कुणी जा म्हटलं नाही हे खरं. ती घरात नाही असं म्हटलं."

"तुम्ही मुलाला काही बोलला नाहीत?"

"बोलले. ते यांना टाइप करता येणार नाही."

खिडकीत कुणीतरी खोकलं. साहेबांनी तिकडं हात झटकला. डोक्यावर पंखा कुरकुरत होता.

धैर्या उठला. आजही सांगते, तो उठला तेव्हा मला वाटलं, आता तिच्याकडं वळेल. तेवढ्यासाठीच मी एवढं उघड बोलले होते. वैजू, चुकलं, असं काहीतरी म्हणेल. तो साहेबांकडं वळला. हात नेहमीच्या सवयीनं गळ्यापाशी गेला, तिथं बँड नव्हता.

"साहेब, साक्षीदार फितूर झाल्या आहेत. अर्जदाराला त्यांची उलटतपासणी घ्यायची परवानगी मिळावी."

फितूर हा शब्द मला ठाऊक होता. तोही ओसरीवर शिकलेला. आपल्या बाजूनं म्हणून पिंजऱ्यात चढतो आणि समोरच्याकडून मिठाईचा पुडा घेऊन फिरतो, तो. मी माझ्या मुलाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता. बोलून गेलेला शब्द माघारी घ्यायचं कलम कुठलं, ते त्याला आठवत नसावं.

"हरकत!"

या वेळी ती इतक्या जोरात ओरडली की खिडकीतले कोट मागं झाले.

"साहेब, या साक्षीदार फिरलेल्या नाहीत. त्या पहिल्यापासून अशाच आहेत. हवं तर सगळ्या पेठेला विचारा."

साहेबांना हसू आवरलं नाही. मलाही. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी इरकलाच्या पदराला पुसलं आणि शिपाई बघत होता म्हणून त्याला म्हटलं, पंख्याची धूळ आहे, पुसत जा जरा.

साहेबांनी चष्मा काढला. "अर्जदार," ते म्हणाले, "तुम्ही दुसरा वकील दिला असता तर त्यानंही आता हेच मागितलं असतं. ते त्याचं काम. पण तुम्ही शेजारी बसला असता आणि त्याचा हात धरून खाली बसवलं असतं, अहो, ती माझी आई आहे म्हणून. आज तुमचा हात धरायला तुमच्या शेजारी कुणी नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा, परवानगी हवी आहे का ते."

कोर्टाच्या पडवीला दगडी कठडा आहे. समोर करंजाची झाडं. मी कठड्याला टेकून उभी होते. वकील मंडळी मला वाट देऊन लांबून जात होती. वैजयंता माठातलं पाणी पेल्यात घेऊन आली.

"आत्या, पाणी."

मी घेतलं. अर्धं प्याले.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही खरं सांगितलं असतं."

"मग? तेच पाहिजे होतं ना तुला? जिंकली असतीस."

"मी जिंकून कराडला गेले असते," ती म्हणाली. "तुम्ही मात्र इथनं त्यांच्याबरोबर एका रिक्षात बसून एकाच घरी जाणार. माझ्या प्रश्नाला तुम्ही मुलाविरुद्ध उत्तर दिलंत, हे ते जन्मभर धरून बसले असते. मला नव्हतं तुमचं घर मोडायचं."

"घर माझ्या नावावर आहे."

ती हसली. मग हसू तोंडावर ठेवायला जागा मिळेना तसं तिनं तोंड करंजांकडं केलं.

"घेवडा कोण निवडतं आता?"

"मीच. साक्षीदार मी, वकील मी, जज्जही मीच."

"एकटीच?"

"खटला लवकर उरकतो," मी म्हटलं. "करमत मात्र नाही."

पडवीच्या दुसऱ्या टोकाला धैर्या उभा होता. हातात तो पांढरा बँड, बांधत नव्हता, ठेवतही नव्हता. आमच्याकडं येण्यासाठी त्यानं पाऊल उचललं आणि परत तिथंच टेकलं. एवढं लांबूनही मला कळत होतं, तो जेवणार नाही.

"फितूर म्हणताना त्यांचा आवाज कापत होता," वैजयंता म्हणाली.

"कापत होता," मी म्हटलं. "तरी म्हणाला."

मग मी आठवून विचारलं, "ती घाटाखालची बाई, तिचं काय झालं ग? याच्याकडं तर ती परत आली नाही."

"ती मला शोधत कराडला आली. कुणी पत्ता दिला कुणास ठाऊक. पायांवर तशीच धूळ." तिचं तोंड उजळलं, पूर्वी संध्याकाळी जिंकून यायची तसं. "तिच्या बरोबर तिच्या वाडीतल्या आणखी दोघी आल्या. आता दर बाजारच्या दिवशी खोलीबाहेर बायका बसलेल्या असतात. नर्सबाई म्हणतात, तुमच्यापेक्षा आमचा दवाखाना मोकळा."

ती हे सांगत होती आणि मी तिच्याकडं बघत होते. शेवटचे काही महिने आमच्या घरात ती अशी बोलली नव्हती.

मग ती एकदम थांबली. पर्समधून बँड काढला, घडी मोडली, परत घातली.

"आत्या, तुम्ही म्हणत असाल तर मी आज येते. अर्ज-बिर्ज राहू दे. तुम्ही नुसतं चल म्हणा."

"त्याच्यासाठी?"

तिनं घडीवरून अंगठा फिरवला.

"तुमच्यासाठी."

खुंटीला दोन सुपं असायची. तिचं मी काढलं नव्हतं. आज येईल उद्या येईल म्हणून दर आठवड्याला धूळ झटकत होते. ओसरीवरची तिची जागा, पोत्याची तिच्याकडची बाजू. एक शब्द होता. इतकी वर्षं पेठेत बसून मी लाखभर शब्द वाया घालवले असतील, भावावर, हमालांवर, धैर्यावर. हा एक वाया गेला नसता. तो जिभेवर आला. कोर्टात तोच सरकवायला तर मी इरकल नेसून आले होते.

आणि माझ्या कानात तो पडद्याआडचा आवाज आला, भाकरी थापता थापता थांबलेला. आणि मग परत सुरू झालेला. थांबलेला मला सोसला होता. सुरू झालेला सोसला नव्हता.

"तुम्ही बोलत नाही, आत्या," ती म्हणाली. "तुम्ही जज्ज. द्या निकाल. जो द्याल तो मला मान्य."

दुपारनंतर धैर्यानं स्वतःच उभं राहून अर्ज काढून घेतला, ते पुढचं. माझा निकाल त्याच्या आधी लागला. मापटं जवळ नव्हतं. उरलेलं पाणी मी करंजाच्या बुडात टाकलं, पेला उपडा केला आणि दगडी कठड्यावर आपटला. पडवीतले सगळे वळून बघायला लागले. बघू देत.

"दावा नामंजूर," मी म्हटलं. "सुनेनं परत यायचं नाही, आणि सासूनं वाट बघायची नाही. पहिलं तू पाळ. दुसरं मी पाळणार नाही. कोर्टाला काय करायचं ते करू दे."